बारीक अक्षरातली ओळ

या घरातली भांडणं घरात होत नाहीत. घराच्या भिंती पातळ आणि शेजारच्या बाईंचे कान तिखट. म्हणून अण्णांनी फार पूर्वीच शिरस्ता घालून दिला होता की काय बोलायचं ते दुकानात बोला. रविवारी दुपारी चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की समजायचं, आज कोणाचा तरी निकाल लागणार. वाटणीचं बोलणं इथंच झालं, ताईने नवऱ्याकडे परत जाणार नाही म्हणून सांगितलं तेही इथंच. धाकट्याने "हीच मुलगी करणार" असं जाहीर केलं तेव्हाही थोरल्याने असंच शटर ओढलं होतं. आज पाळी त्याच मुलीची होती.

जागा ठरलेल्या होत्या. अण्णा आपल्या बाकावर, काचा घासायच्या चाकाशेजारी. थोरला डोळे तपासायच्या उंच खुर्चीत, त्याची बायको, म्हणजे थोरली, गल्ल्यामागे, ताई गिऱ्हाइकांच्या कोचावर पाय वर घेऊन. धाकटा फ्रेमच्या कपाटाला टेकून उभा. त्याच्या बायकोला मात्र इतक्या वर्षांत जागा मिळाली नव्हती, म्हणून ती किटलीपाशी थांबून चहा ओतत होती. चहा ओतणाऱ्या बाईला इथं का उभी आहेस असं कोणी विचारत नाही.

थोरल्याने काउंटरवर तीन चष्मे ओळीने मांडले आणि शेजारी ते कार्ड ठेवलं.

"हे तिन्ही महिन्याभरात परत आलेत. शिंपीणबाईंना टाके वाकडे दिसतात. बसवाला म्हणतो रस्ता एका अंगाला कललाय. आणि मुख्याध्यापिका परवा शाळेच्या पायरीवरून पडल्या. हात गळ्यात बांधून आल्या होत्या. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नुसत्या म्हणाल्या, तुमच्या वडलांच्या वेळी असं होत नव्हतं."

"माझी वेळ संपली का?" अण्णांनी विचारलं.

"तसं नाही हो अण्णा."

"मग कसं?"

"नंबर चुकतोय. आणि तो चुकतोय या कार्डापायी. लोकांना ते पाठ झालंय. मी हातात देतो, तर वाचायचं सोडून म्हणून दाखवतात. दिसो न दिसो, गडगड म्हणतात. मी काय ओळखायचं त्यातून?"

"कविता पाठ होते ही तक्रार आहे? उलट बरंच झालं की." धाकटा हसत म्हणाला.

"तू गप्प बस. तुला प्रत्येक गोष्टीत गंमतच दिसते. तुझ्या हातून कोणी पायरीवरून पडलं नाही अजून."

धाकटा गप्प बसला. तो नेहमीच तिसऱ्या वाक्याला गप्प बसतो. त्याच्या बायकोला हे लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं, आणि ती आता त्याच्या पहिल्या दोन वाक्यांवरच समाधान मानते.

तसं पाहिलं तर कार्ड एवढंसं. जवळचं दिसतं का ते तपासायला गिऱ्हाइकाच्या हातात देतात ते. वरची ओळ ठसठशीत, खाली उतरावं तसं अक्षर बारीक, आणि शेवटची ओळ मुंगीच्या पायाएवढी. या दुकानात वर्षानुवर्षं एकच कार्ड होतं. "एका वाटसरूला फार तहान लागली" असं ते सुरू व्हायचं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत त्या बिचाऱ्याला पाणी काही मिळायचं नाही. गावातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाने तो मजकूर वाचला होता, पण त्याच्या तहानेचं कोणाला काही वाटल्याचं ऐकिवात नाही. मग एकदा थोरल्याच्याच हातून त्यावर चहा सांडला, आणि धाकटी म्हणाली, "मी देते लिहून दुसरं." कोणी नको म्हटलं नाही, कारण कोणी नीट ऐकलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिने ते छापून घेतलं, वर प्लास्टिक चढवून आणलं.

धाकटीला कविता करायला लांब कुठे जावं लागत नसे. फ्रेमच्या काउंटरवर उभं राहिलं की झालं. नवा चष्मा चढवल्यावर प्रत्येक माणूस एक वाक्य बोलतो, आणि ते वाक्य त्याने ठरवून आणलेलं नसतं. "अरेच्चा, ही भिंत हिरवी आहे?" "माझे हात असे कधी झाले?" एक गृहस्थ तर आरशात बघून म्हणाले होते, "हे आमचे वडील." अशी वाक्यं ती डोक्यात ठेवायची, घरी भांडी घासताना उलटसुलट करायची, आणि भांडी संपेपर्यंत जी टिकतील ती तिची. पूर्वी दोनतीन मासिकांना तिने कविता धाडल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत, छापूनही आल्या नाहीत. कवितेला वाचक मिळत नाही अशी ओरड असते. हिच्या कवितेसाठी माणसं रांग लावून, चष्मा घालून बसत, मोठ्याने वाचत, आणि अडखळली की ओशाळत. तिला आणखी काय हवं होतं? त्या कार्डाशिवाय जगात तिच्या नावावर दुसरं काही नव्हतं. तेवढं गेलं असतं तर ती पुन्हा चहा ओतणारी झाली असती, आणि हे तिला किटली हातात धरून उभी असताना फार स्वच्छ दिसत होतं.

"मी काय म्हणते," ताई कोचावरून म्हणाली, "पराचा कावळा कशाला? जुनं कार्ड परत लावा. वाटसरू काय वाईट होता? उद्या गावात झालं की यांच्याकडचे चष्मे लावले की माणसं पडतात, म्हणजे मग बसा कविता वाचत."

"ताई, तुम्हीच मागच्या वेळी म्हणालात, छान आहे म्हणून," धाकटी म्हणाली.

"छान आहे गं. छान आणि दुकान या वेगळ्या गोष्टी."

थोरल्याने मान डोलावली. आपल्या बाजूने कोणी बोललं की तो नेहमी अशी डोलावतो, जणू त्याला न्याय मिळाला. खरं तर मुख्याध्यापिकांचा चष्मा त्याने काल एकट्याने काच तपासायच्या यंत्राखाली धरून पाहिला होता. नंबर बरोबर होता. काच फिरून बसली होती. तिरक्या नंबरच्या काचेवर शाईचे बारीक ठिपके देतात आणि त्या ठिपक्यांच्या रेषेत काच फ्रेममध्ये बसवतात. रेषा जरा सरकली की जमीन कलते. ते ठिपके आणि ती रेषा हे काम बाकावरचं, आणि अण्णांनी बसवलेली काच पुन्हा तपासायची नाही हा या दुकानाचा न लिहिलेला नियम होता. थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदाच तो मोडला, आणि जे दिसलं ते कोणाला न सांगता खिशात टाकलं. कार्डाला दोष देणं सोपं होतं. कार्डाला म्हातारपण येत नाही.

"एक विचारू?" गल्ल्यामागून थोरली म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. थोरली या बैठकांत बोलत नसे. धाकटी या घरात आली तेव्हा थोरली महिनाभर तिच्याशी धड बोलली नव्हती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तिने माहेरी फोनवर सांगितलंही होतं. पण कार्ड आलं त्या दिवशी दुकानात कोणी नसताना तिने ते उचलून वाचलं, आणि वाचून झाल्यावर आपला हात आपल्याच केसांकडे गेलेला तिला दिसला. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. कार्डावर होतं ते असं:

नवा चष्मा लावून ती म्हणाली,
भिंतीला एवढे तडे कधी गेले?
मी म्हणाले, होते की आधीपासून.
मग ती माझ्याकडे वळली
आणि मी केस सारखे केले.

"विचार की," थोरला म्हणाला.

"बसवाल्याला रस्ता वाकडा दिसतो ना?"

"हो, मग?"

"रस्ता लांब असतो. लांबचं तुम्ही भिंतीवरच्या पाटीवर तपासता. तो कार्ड वाचतच नाही. मग कार्डाने त्याचं काय बिघडवलं?"

थोरल्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते हेच. थोरलीच्या ते लक्षात आलं, पण तिने तोंड फिरवलं नाही. तिला धाकटीचा एवढा पुळका आला होता अशातला भाग नाही. तिला खोटा हिशेब बघवत नसे.

"बाई बरोबर बोलतेय," अण्णा म्हणाले. "पाटी सोडली, कार्ड सोडलं. आता उरलं काय? बाक. म्हणजे माझ्याकडे चुकतंय, असंच ना रे?"

"अण्णा, मी असं कुठं म्हटलं?"

"म्हणत नाहीयेस म्हणूनच विचारतोय."

"तुमचे डोळे मी दर सहा महिन्यांनी तपासतो," थोरला घाईघाईने म्हणाला. "चांगले आहेत."

हे खरंही होतं आणि नव्हतंही. अण्णा त्या उंच खुर्चीत कधी बसत नसत. ती खुर्ची गिऱ्हाइकांची. डोळ्यात बॅटरी मारायचा तर प्रश्नच नव्हता. बापाच्या डोळ्यात उजेड कोण मारणार? अण्णा उभ्याउभ्या कार्ड घ्यायचे, वरपासून खालपर्यंत खडाखडा वाचायचे, आणि "झालं समाधान?" म्हणून परत द्यायचे.

"दे इकडे ते," अण्णांनी हात पुढे केला. थोरल्याने कार्ड दिलं. अण्णांनी ते हातभर लांब धरलं, हनुवटी वर केली, आणि एका दमात पाचही ओळी म्हटल्या. शेवटची, मुंगीच्या पायाची, सगळ्यात ठणठणीत आवाजात. "आणि मी केस सारखे केले. झालं? बाकावर बसणाऱ्याला आणखी काय दिसायला हवं?"

ताईने टाळ्या वाजवल्या. "बघा! माझ्या डोळ्यांना तिसरी ओळ जड जाते."

"कार्डही चांगलं आहे आणि माझे डोळेही," अण्णा म्हणाले. "सूनबाईने लिहिलंय ते राहील तिथंच. तीन चष्म्यांच्या काचा खराब आल्या असतील. कारखान्याला कळवा."

कारखाना! सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. कारखाना लांब होता, नात्यातला नव्हता, आणि रविवारी बंद होता. थोरल्याचे खांदे खाली आले. "तसंही असेल," तो म्हणाला. "मुख्याध्यापिकांना मंगळवारी दुसरा करून देतो म्हटलंय. तो अण्णा, तुम्हीच बसवा जातीने. आणि कार्ड राहू दे. बघू महिनाभर."

धाकट्याने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. जिंकलीस.

धाकटी किटली धरून तशीच उभी होती. तिने जे ऐकलं ते दुसऱ्या कोणीच ऐकलं नव्हतं, कारण या घरात त्या कार्डावरचे शब्द फक्त दोघांना पाठ होते, तिला आणि अण्णांना. बाकीचे नुसतं कोण कुठे अडखळतं तेवढं ऐकायचे. गुरुवारी तिने कार्ड बदललं होतं. शेवटची ओळ तिला बरेच दिवस खुपत होती, फार सोपी वाटत होती. झेरॉक्सवाल्याकडून नवं छापून तिने तेच जुन्याच्या जागी ठेवलं. दोन दिवसांत आलेली गिऱ्हाइकं सवयीने जुनीच ओळ म्हणून गेली होती. अण्णांच्या हातातल्या कार्डावर केस नव्हतेच.

दिवसभर बाकावर बसून त्यांनी शंभरदा ऐकलं असेल. कोणी अडखळत, कोणी गाणं म्हटल्यासारखं. तिच्या सगळ्या वाचकांत तिची कविता तोंडपाठ असलेला हा म्हातारा होता आणि त्याने ती एकदाही वाचलेली नव्हती.

आता गप्प बसायचं होतं, एवढंच. कार्ड तिचं होतं, अण्णांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, आणि या घरात अण्णांनी सांगितलं की सांगितलं. बोललं तर कार्ड जाणार होतं, कारण त्याच कार्डाने थोरल्याला फसवलं होतं. अण्णांचा बाक जाणार होता. आणि आज या घरात जो तिच्या बाजूने उभा राहिला, त्यालाच सगळ्यांसमोर उघडं पाडायचं होतं. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिला मंगळवार दिसत होता, गळ्यात हात बांधलेल्या मुख्याध्यापिका, त्यांच्या नाकावरचा नवा चष्मा आणि पुढे शाळेची पायरी. तिला अण्णांचा राग आला. मग आपला आला. मग तिने किटली खाली ठेवली.

"अण्णा, शेवटची ओळ पुन्हा वाचता?"

"का गं? आवडली एवढी स्वतःची?"

"वाचा ना."

"आणि मी केस सारखे केले."

"ती नाहीये त्यावर," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी बदलली ती. गुरुवारी. आता तिथं आहे, 'आणि मी उगीचच हसले.'"

थोरला खुर्चीतून उतरला. त्याने अण्णांच्या हातातलं कार्ड न घेताच मान वाकवून वाचलं. ताईचे पाय कोचावरून खाली आले. "अगं, पण हे आत्ता सांगायची काय..." असं धाकटा म्हणाला आणि या वेळी पहिल्याच वाक्याला थांबला.

अण्णांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. मग मांडीवर ठेवलं.

"का बदललीस?" ते म्हणाले. "आधीची बरी होती."

आणि हसले. खरंच हसले, पोट हलेपर्यंत. बाकी कोणी हसलं नाही.

"कधीपासून, अण्णा?" थोरल्याने विचारलं.

"झालं असेल वर्ष. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. असा बघू नकोस, मला दिसत नसलं तरी कळतं कसा बघतोयस ते. आम्ही काय एवढी वर्षं भाजी विकली?"

"मग सांगितलं का नाही? तासाभराचं ऑपरेशन असतं!"

"ऑपरेशन तासाचं, पथ्य महिन्याचं. मी महिनाभर बाकावर नाही म्हटल्यावर तू काचा घासायचं मशीन आणणार. आणलं की मग मी बरा होऊन काय करू? दारात बसून गिऱ्हाइकांना या या म्हणू?"

मशीनची चौकशी थोरल्याने केली होती. मुख्याध्यापिका आपल्यामुळे पडल्या हे त्याला आता कोणावर ढकलता येईना, ना कार्डावर, ना कारखान्यावर, ना बापावर. दर सहा महिन्यांनी 'चांगले आहेत' म्हणणारा तोच होता.

"त्या पोरीचा हात मोडलाय का नुसता मुरगळलाय?" अण्णांनी विचारलं. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या होत्या, पण पहिला चष्मा अण्णांनीच त्यांना शाळकरी असताना करून दिला होता.

"मुरगळलाय."

"उद्या मी जाऊन येतो तिच्याकडे. मीच सांगतो."

मग थोरल्याने जे केलं ते त्याने कधी केलं नव्हतं. त्याने बापाला दंडाला धरून उठवलं आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं. अण्णा बसले. तपासायची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवून त्याने कार्डाकडे हात नेला आणि थांबला. कार्डाचा उपयोग नव्हता. वाटसरूचाही नव्हता, तोही अण्णांना पाठ होता. भिंतीवरची पाटी तर त्यांनी स्वतःच टांगलेली. या दुकानात वाचण्यासारखं जे जे होतं ते सगळं या माणसाला तोंडपाठ होतं.

"काहीतरी लिहून दे," तो धाकटीकडे न बघता म्हणाला. "यांनी कधी न ऐकलेलं."

"आत्ता?"

"मग कधी? वर मोठं, खाली बारीक. तुला माहीत आहे कसं ते."

थोरलीने गल्ल्याखालून कोरा पुठ्ठा आणि स्केचपेन काढून दिलं, आणि उठून स्वतःचं स्टूल तिच्यापुढे सरकवलं. धाकटी बसली. एकेका कवितेला तिला आठवडे लागत. आता पाच माणसं तिच्या हाताकडे बघत होती आणि घासायला भांडी नव्हती. तिने एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि लिहायला लागली. वर मोठं, खाली बारीक. पुठ्ठा तिने अण्णांच्या हातात दिला. थोरला त्यांच्या खांद्यावरून वाचत होता.

"आज दुकान बंद आहे," अण्णांनी वाचलं. काच न घालता, सावकाश.

थोरल्याने एक काच सरकवली.

"तरी आम्ही... सगळे आत."

दुसरी काच. तिसरी. अण्णांनी मान तिरकी केली. "प्रत्येकाचं... थोडं..." ते थांबले. थोरल्याने आणखी एक काच घातली, काढली, दुसरी घातली. काचेने भागणार नव्हतं हे त्याला पहिल्या ओळीलाच कळलं होतं, पण हात थांबत नव्हता, कारण त्याला स्वतःला खालपर्यंत सगळं दिसत होतं:

प्रत्येकाचं थोडं थोडं चुकलंय,
म्हणून तोंडं उतरलीत.
म्हातारा तेवढा हसतोय,
त्याला ती दिसत नाहीत.

ताईने उठून वाचलं आणि पाठ फिरवून शटरच्या फटीतून रस्त्याकडे बघत राहिली. "अण्णा, पुढचं मी वाचून दाखवतो," धाकटा म्हणाला.

"खबरदार!" अण्णा एवढ्या मोठ्याने ओरडले की नाकावरची फ्रेम घसरली. "कोणी एक अक्षर बोलायचं नाही. डॉक्टरला उद्या फोन कर. डोळे उघडले की मी वाचीन. आधी ही, मग ते उगीचच हसणं खरंच एवढं वाईट आहे का ते."

त्यांनी पुठ्ठा उलटा करून थोरल्याच्या छातीवर दाबला. "आणि तोवर ही दुकानात लावायची नाही. गिऱ्हाईकं मोठ्यांदा वाचतात, आणि माझे कान अजून शाबूत आहेत."

थोरला पुठ्ठा धरून उभा राहिला. गुरुवारचं कार्ड बाकावर पडलं होतं. त्याच्याकडे त्याने एकदा पाहिलं, मग स्टुलावर बसलेल्या धाकटीकडे.

"मग उद्या सकाळी काय लावू?" त्याने तिला विचारलं.